रोजच्या सहा किलोमीटरसाठी जुनी क्लासिक गाडी: कोणती घ्यावी?

सकाळची_फेरी

नमस्कार मंडळी. घरापासून कामाचं ठिकाण एका बाजूने ६ किलोमीटर, सिग्नल धरून वीस मिनिटं. आठवड्यातून पाच दिवस. गाडी दोन्हीकडे उघड्यावरच उभी राहणार. या फेरीसाठी नवी गाडी न घेता जुनी क्लासिक घ्यायची, एवढं पक्कं आहे. बजेट बेताचं आहे, त्यामुळे सजवून ठेवलेला नमुना नको, रोज चालणारी गाडी हवी.

ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड एवढं हाताने जमतं. वेल्डिंग आणि इंजिन उघडणं जमत नाही.

मनात असलेली नावं: फोक्सवॅगन बीटल, मॉरिस मायनर, जुनी मिनी, मर्सिडीज डब्ल्यू१२३ डिझेल आणि व्होल्व्हो २४०. यातली कोणती रोजच्या छोट्या फेरीला टिकेल? आणि बघायला जाताना नेमकं काय तपासायचं?

---

चोक_आत

गाडीचं नाव ठरवण्याआधी छोटी फेरी इंजिनाचं काय करते ते बघू, म्हणजे निम्मी निवड आपोआप होईल. अंतर कमी म्हणजे झीज कमी, असं वाटतं. प्रत्यक्षात उलट होतं.

टेंपरेचरचा काटा मधोमध येतो तो पाण्याचा. पाणी पाच-आठ मिनिटांत गरम होतं, ऑइलला साधारण त्याच्या दुप्पट वेळ लागतो. तुमच्या वीस मिनिटांत ऑइल जेमतेम तापत येतं आणि तेवढ्यात चावी बंद होते. संध्याकाळी परत तेच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टन रिंगांच्या बाजूने चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल असतं तिथे) उतरतं. ऑइल नीट तापलं तर ते उडून जातं. तापलं नाही तर तिथेच साठतं, ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि झाकणाखाली पांढरट सायीसारखा थर धरतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत यात पेट्रोलची भर पडते. चोक ओढलेला असताना (थंड इंजिनासाठी हवा अडवलेली असताना) मिश्रणात पेट्रोल जास्त असतं. न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि चेंबरमधलं ऑइल पातळ करतं. ओळखायची खूण: ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसते आणि वासाला पेट्रोल येतं. पातळी वाढतेय म्हणजे इंजिन ऑइल खात नाही, असं समजू नका. मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटला तरी पेट्रोल असंच चेंबरमध्ये उतरतं, म्हणून वास आला तर आधी पंप बघा.

यावरून तुमच्या यादीबद्दल:

मर्सिडीज डिझेल बाजूला ठेवा. इंजिन दणकट आहे यात वाद नाही, पण त्याचा गुण लांब पल्ल्यात दिसतो. डिझेल मुळात उष्णता कमी टाकतं, त्यामुळे तुमच्या सहा किलोमीटरचा बराचसा भाग थंडच जाईल. डब्ल्यू१२३च हवी असेल तर पेट्रोल इंजिनाची शोधा.

मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात, कारण गिअरबॉक्स इंजिनाखाली चेंबरमध्येच बसवलेला आहे. इतर गाड्यांत पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना त्रास देतं, इथे ते गिअरच्या दातांनाही देतं. ३,००० किलोमीटर किंवा चार महिने, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलायची तयारी असेल तरच मिनी घ्या.

बीटल, मायनर आणि २४० शर्यतीत राहतात. तुमची गरज वाचून मी २४० कडे झुकतो: इंजेक्शनची बघून घेतली तर चोकची भानगड नाही (काही २४० कार्ब्युरेटरच्याही आहेत), अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) दमदार आहे, आणि बी२१, बी२३, बी२३० या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनांत टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. बेल्ट केव्हा बदलला ते माहीत नसेल तर घेतल्याच्या आठवड्यात बदलून टाका.

सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटं जागेवर गरम करत ठेवू नका. आयडलवर इंजिन सर्वांत सावकाश तापतं आणि चोक सर्वांत जास्त वेळ बाहेर राहतो. ऑइल प्रेशरचा दिवा विझला की निघा, हलक्या पायाने चालवा, आणि इंजिन सुरळीत चालेल तितका चोक टप्प्याटप्प्याने आत ढकला.

---

वायरिंगचा_नकाशा

वरच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली ती बॅटरीची. छोट्या फेरीच्या जुन्या गाड्या सगळ्यात जास्त वेळा बॅटरीमुळेच बंद पडतात.

सगळे सेल्फला दोष देतात. सेल्फने २०० अँपिअर तीन सेकंद घेतले तर हिशेब होतो ०.१७ अँपिअर-तास. चार्जिंग नीट असेल तर एवढं काही मिनिटांत भरून निघतं. खरी गळती बाकीच्या भारात आहे. मायनर किंवा सुरुवातीच्या मिनीत ल्युकासचा सी४० डायनामो (अल्टरनेटरच्या आधीचा जुना जनरेटर) असेल तर तो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन वेगात असताना. आता पावसाळी संध्याकाळ धरा: हेडलाइट ९ ते १० अँपिअर, मागचे-पुढचे छोटे दिवे २, इग्निशन ३ ते ४, वायपर ३, हीटरचा पंखा ४. बेरीज २२ च्या आसपास जाते. सिग्नलला थांबलात की डायनामो जवळपास काहीच देत नाही आणि हा सगळा भार बॅटरीवर येतो. वीस मिनिटांपैकी आठ मिनिटं सिग्नलवर गेली तर बॅटरी रोज थोडी थोडी खाली येते आणि एका सकाळी सेल्फ नुसता टक् करतो.

म्हणून डायनामोची गाडी घेणार असाल तर अल्टरनेटर बसवून घ्या. ल्युकासचा १६एसीआर अल्टरनेटर ३४ अँपिअर देतो आणि आयडलवरही चार्ज करतो. बसवताना तीन गोष्टी चुकतात:

१. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं. अल्टरनेटरला मायनस बॉडीला लागतो. आधी बॅटरी उलट करा, कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करा, रेडिओ असेल तर काढून ठेवा. हे विसरून अल्टरनेटर जोडला की त्याचे डायोड त्याच क्षणी जातात.

२. जुनी चार्जिंग वायर २२ अँपिअरच्या हिशेबाची आहे. अल्टरनेटरपासून सोलेनॉइडच्या (सेल्फच्या स्विचच्या) बॅटरीकडच्या बोल्टपर्यंत नवी जाड वायर टाका.

३. डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा जुना कंट्रोल बॉक्स फक्त वायरींचा जोड म्हणून ठेवायचा. आतली कॉइल सर्किटमध्ये राहू देऊ नका.

बघायला जाताना खिशात साधा मल्टिमीटर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा वर हवी. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन सुरू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. मग हेडलाइट, पंखा, वायपर सगळं लावून आयडलवर परत बघा. १२.५ च्या खाली गेलं तर ती गाडी सध्याच्या स्थितीत तुमच्या कामाची नाही.

बीटलमध्ये ६ व्होल्टच्या जुन्या गाड्या टाळा. १९६७ च्या मॉडेलपासून बहुतेक बाजारांत १२ व्होल्ट आलं. स्वस्त मूळ आवृत्तीत ६ व्होल्ट पुढेही काही वर्षं चालू राहिलं, म्हणून वर्षावर न जाता बॅटरी बघा.

---

लांबी_नको

इंजिन आणि वायरिंग दोन्ही दुरुस्त होतं. सडलेला पत्रा दुरुस्त करायला वेल्डिंग लागतं, आणि ते तुम्हाला येत नाही असं तुम्हीच लिहिलंय. त्यामुळे तुमच्या बाबतीत निवडीचा क्रम असा: आधी पत्रा, मग पार्ट मिळणं, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी. ताजा चकचकीत रंग दिसला की जास्त सावध व्हा. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली आहे.

मायनर: खाली वाका. पुढचे चॅसी लेग (गाडीखालचे लांब आधारदांडे), जॅक लावायच्या जागा, सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर बघा. सिल बाहेरून सुबक दिसते, पण नव्या पत्र्याखाली जुना सडका पत्रा तसाच झाकलेला असू शकतो. मागे लाकडी चौकट असलेल्या ट्रॅव्हलरमध्ये ते लाकूड शोभेचं नाही, बॉडीचा भार त्यावर आहे. लाकूड मऊ लागलं तर ती गाडी सोडा.

मायनरची आणखी एक जागा जिवाशी खेळणारी आहे: पुढच्या सस्पेन्शनचे ट्रनियन (चाक वळतं ते सांधे). खालच्या ट्रनियनला आटे असतात आणि पूर्ण पुढचं चाक त्या आट्यांवर धरलेलं असतं. ग्रीस गेलं नाही की आटे झिजतात आणि एक दिवस चाक आत मुडपून गाडी नाकावर बसते. दर १,५०० किलोमीटरला ग्रीसगनने जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरायचं. बघताना निपलवर वाळलेली माती दिसली तर समजा कोणी तिथे फिरकलं नाही. नवे ट्रनियन मिळतात, बदलताना दोन्ही बाजूंचे बदला.

मिनी: मागची सबफ्रेम (मागची चाकं धरणारी लोखंडी चौकट). बाकी सगळं त्यानंतर. आणि डिस्ट्रिब्युटर जाळीच्या लगेच मागे असल्यामुळे पावसात पाणी उडून इंजिन मिस मारतं. रबरी टोपी आहे का बघा.

बीटल: दारांखालच्या हीटर चॅनल हा या गाडीचा कणा. त्यातूनच गरम हवा आत येते आणि त्यानेच बॉडीला ताठपणा असतो. दार उघडून किंचित वर उचला. बिजागरीत ढिलेपणा नसूनही दार बंद करताना खाली लोंबत असेल तर बॉडी वाकते आहे. मागची सीट उचलून बॅटरीखालचा पत्रा बघा, ॲसिडने तो चाळणी होतो.

डब्ल्यू१२३: जॅकच्या जागा, पुढच्या मडगार्डच्या मागच्या कडा आणि मागच्या सबफ्रेमचे माउंट.

२४०: मागच्या चाकांच्या कमानी, सिल, स्टेपनीचा खड्डा, पुढच्या काचेचे खालचे कोपरे. गालिचा उचलून खालचा पत्रा हाताने चाचपा. ओला लागला तर पाणी कुठून येतं ते कळल्याशिवाय व्यवहार करू नका.

उघड्यावर उभी राहणारी गाडी असल्यामुळे दारांच्या खालच्या कडेतली आणि काचेसमोरच्या जाळीखालची पाण्याची भोकं मोकळी आहेत का, हेही बघा. पातळ तारेने पाच मिनिटांत साफ होतात, आणि तेवढ्याने पत्रा वर्षानुवर्षं वाचतो.

---

हवेवर_थंड

बीटल इतक्या पटकन बाजूला सारू नका. एअर कूल्ड इंजिनात पाण्याचा साठा तापवायचा नसतो, म्हणून ते थंडपणातून लवकर बाहेर येतं. छोट्या फेरीला हा मोठा फायदा आहे. अट एकच: पंख्याच्या घरातल्या हवेच्या झडपा आणि त्यांना चालवणारा थर्मोस्टॅट जागेवर हवा. तो भाता ६५ ते ७० अंशाला फुगून झडपा उघडतो. त्याआधी थंड हवा अडवली जाते म्हणून इंजिन पटकन तापतं. इंजिन फार तापतं या समजुतीने कित्येक गाड्यांतून हे सगळं काढून टाकलेलं असतं, आणि मग छोट्या फेरीत इंजिन कधीच पुरतं तापत नाही. गाडीखाली उजव्या बाजूच्या सिलिंडरांच्या खाली तो पितळी भाता दिसतो का बघा. नसेल तर भाता, तार आणि झडपा परत बसवाव्या लागतील. झडपांसाठी पंख्याचं घर काढावं लागतं.

ऑइल फक्त अडीच लिटर आणि मूळ इंजिनाला फिल्टर नाही, नुसती जाळी. त्यामुळे पुस्तकातला ५,००० किलोमीटरचा आकडा तुमच्यासाठी नाही. २,५०० ला बदला आणि त्याच वेळी जाळी काढून धुवा. दर ५,००० ला टॅपेटची (व्हॉल्व्हच्या टोकाशी असलेली) फट जुळवा, इंजिन पूर्ण थंड असताना ०.१५ मिलिमीटर. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून ते सोडू नका. फट कमी झाली की आवाज बंद होतो आणि व्हॉल्व्ह जळतो.

पेट्रोलचा पाइप बदलणं हे पहिल्या दिवसाचं काम समजा. पाइप गरम इंजिनाच्या अगदी वर आहे, त्यामुळे पेट्रोल गळलं की थेट आग लागते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला चिरा पाडतं, म्हणून एसएई जे३० आर९ छापलेला पाइप घ्या, प्रत्येक जोडाला क्लँप लावा. हा नियम बीटलपुरता नाही, कार्ब्युरेटरच्या प्रत्येक जुन्या गाडीला लावा.

---

सकाळची_फेरी

सगळ्यांचे आभार. डिझेल आणि मिनी यादीतून काढली. एक १९८९ ची २४० बघून आलो. बी२३० इंजिन, मॅन्युअल गिअर. सिल आणि कमानी ठोस वाटल्या, फरशी कोरडी. तीन शंका: ऑइलच्या झाकणाखाली पांढरट थर आहे, ओडोमीटर बंद आहे, आणि मालक म्हणतो की कधीमधी गरम झाल्यावर सुरू व्हायला त्रास देते. सोडून द्यावी का?

---

चोक_आत

या तिन्हीवरून लगेच सोडू नका. क्रमाने तपासा.

पांढरा थर: आधी हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) गेलेलं नाही ना, याची खात्री करा. रेडिएटरच्या टाकीतली पातळी, तिचा रंग आणि ऑइलची पट्टी बघा. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल, पाणी कमी होत नसेल आणि टाकीत ऑइलचा तवंग नसेल तर थर छोट्या फेऱ्यांचाच आहे. शंका राहिली तर टाकीच्या तोंडाशी गॅस तपासणीचं निळं द्रव धरा. ते पिवळं झालं तर गॅस्केट गेलंय.

मग २४० ची खास जागा: फ्लेम ट्रॅप. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली छोटी प्लास्टिकची जाळी असते, चेंबरमधली वाफ तिच्यातून इनटेककडे जाते. थंड फेऱ्यांचा हाच चिखल तिला बुजवतो. मग चेंबरमध्ये दाब साठतो आणि तो कॅमचं नाहीतर क्रँकचं मागचं सील ढकलून ऑइल बाहेर काढतो. तपासणी सोपी आहे: इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण काढून तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवा. आत ओढला गेला तर रस्ता मोकळा, फुगला तर बुजलाय. जाळी, तिचं घर आणि नळ्या हे स्वस्त पार्ट आहेत, काम तुमच्या हाताचं आहे. जागा अडचणीची आहे, घाई करू नका. पण मागचं सील आधीच गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली बोट फिरवून बघा.

ओडोमीटर: आतला छोटा प्लास्टिकचा गिअर तुटतो, या मॉडेलचं नेहमीचंच दुखणं. दुरुस्त होतं, पण आकड्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. किंमत अवस्थेवरून ठरवा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, पेट्रोल आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चार सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको.

---

वायरिंगचा_नकाशा

गरम असताना सुरू न होण्याबद्दल: २४० मध्ये सर्वांत आधी फ्युएल पंपाचा रिले. आतल्या सोल्डरला केसासारख्या चिरा पडतात, गरम झालं की संपर्क सुटतो. सुरू होत नसताना चावी फिरवून सेल्फ मारताना पंपाची गुणगुण येते का ऐका. येत नसेल तर रिलेवर टिचकी मारा. सुरू झाली तर रिले बदला किंवा उघडून सोल्डर परत करा. आवाज येत असेल तर रिले सोडा आणि स्पार्क आहे का ते बघा.

१९८९ चं वर्ष तुमच्या बाजूने आहे. १९८० ते १९८७ च्या इंजिन हार्नेसचं (वायरींच्या जुडग्याचं) आवरण भुगा होऊन गळतं आणि उघड्या तारा एकमेकींना लागतात. त्या वर्षांची गाडी असती तर हार्नेस बदललाय का, हे पहिलं विचारायला सांगितलं असतं.

एक गोष्ट मात्र व्यवहाराआधी नक्की करा. हीटरचा पंखा प्रत्येक गतीवर लावून दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. ही मोटर डॅशबोर्डच्या पोटात आहे. किरकिर करत असेल किंवा बंद असेल तर बदलायला डॅशबोर्डच सुटा करावा लागतो. मोटर महाग नसते, पण काम पूर्ण दिवस खातं, नवख्याला दोन. यासाठी किंमत कमी करून घ्या.

---

लांबी_नको

टायरवरचा डॉट क्रमांक बघायला विसरू नका. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचे आहेत, नक्षी कितीही खोल असली तरी त्यांवर घरीसुद्धा नेऊ नका. आणि तुमच्या शहरात जुन्या गाड्यांना रोज रस्त्यावर येण्यावर काही बंधन आहे का, ते पैसे देण्याआधी बघा.

---

चोक_आत

घेतलीत तर पहिल्या महिन्यासाठी: ऑइल-फिल्टर, टायमिंग बेल्ट, फ्लेम ट्रॅप, थर्मोस्टॅट, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड. हे डॉट ४ फ्लुइड ओलावा शोषतं, म्हणून इथून पुढे दर दोन वर्षांनी. थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असेल तर काटा मध्यावर येत नाही. तसं इंजिन छोट्या फेरीत सर्वांत लवकर झिजतं, म्हणून जुना चांगला दिसला तरी बदलाच.

ऑइल किलोमीटरवर मोजू नका. तुमच्या रोजच्या १२ किलोमीटरने वर्षाला जेमतेम ३,००० होतील. दर सहा महिन्यांनी बदला, किलोमीटर कितीही कमी भरले असले तरी. आठवड्यातून एकदा ३० ते ४० मिनिटं सलग, एकसारख्या वेगात बाहेर काढा. साठलेलं पाणी आणि पेट्रोल त्यानेच उडतं, आणि सायलेन्सरही आतून सुकतो. छोट्या फेरीत साधा लोखंडी सायलेन्सर आतूनच सडतो. पुढचा घालताना स्टेनलेसचा घाला, आणि तोपर्यंत मागच्या डब्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला ३ मिलिमीटरचं भोक पाडून ठेवा, पाणी तिथून गळून जाईल.

जास्त दिवस उभी राहणार असेल तेव्हा हँडब्रेक ओढून ठेवू नका, केबल आणि मागचे शू धरून बसतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा.